पाबळच्या गच्चीवर एक घोडा

दुर्बीण स्वतःच आकाश शोधते, स्वतःच फोटो काढते आणि तयार चित्र मोबाइलवर पाठवून देते. मग आपण काय करायचं? शिरूर तालुक्यातल्या एका गच्चीवर घालवलेल्या दोन रात्रींत आम्हाला याचं उत्तर सापडलं. आणि सोबत एक घोडाही!

जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळचे सहा. रविवारी अमावास्या. खराडीच्या ऑफिसमधून सटकायला हा मुहूर्त महिनाभर आधी काढून ठेवला होता. वाघोलीचा ट्रॅफिक नेहमीसारखा. गाडीच्या मागच्या सीटवर लॅपटॉपची सॅक आणि तिच्या शेजारी चक्क सीटबेल्ट लावून बसवलेला एक गुळगुळीत डबा. टोल नसलेल्या रस्त्यावरसुद्धा लोक वळून बघत होते. वजन अडीच किलो, उंची साधारण मोठ्या थर्मासएवढी. ही दुर्बीण आहे असं सांगितलं की समोरचा आधी तिची नळी शोधतो. मग डोळा लावायची जागा शोधतो. दोन्ही सापडत नाहीत!

हिला म्हणतात स्मार्ट टेलिस्कोप. सुरुवात केली फ्रेंच कंपन्यांनी, पण त्यांच्या किमती ऐकूनच तारे चमकायचे. २०२३मध्ये झेडडब्ल्यूओ या चिनी कंपनीची सीस्टार एस५० आली आणि हा प्रकार बऱ्यापैकी मोबाइलच्या बजेटमध्ये येऊन बसला. आत ५० मिलिमीटर व्यासाचं भिंग, २५० मिलिमीटर फोकल लेंग्थ, सोनीचा छोटासा सेन्सर, दोन मोटारी आणि वाय-फाय. सेन्सर १९२० बाय १०८०, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. तुमच्या फोनचा सेल्फी कॅमेरासुद्धा हिला हसेल. पण फोन एका क्षणात फोटो काढून मोकळा होतो. ही बाई रात्रभर एकाच ठिकाणी टक लावून बसते.

शिक्रापूरला डावीकडे वळलं की नगर रोडचा गोंगाट मागे पडतो. केंदूर ओलांडून पाबळ. पुण्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानी आठवते. तिची कबर याच गावात आहे. मला मात्र पाबळ म्हणजे मामाचं गाव आणि विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३मध्ये या दुष्काळी टापूत आश्रम सुरू केला. फळ्यासमोर न रमणाऱ्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती करता करता विज्ञान शिकवायचं, हा त्यांचा साधा आणि जबरदस्त फंडा. घुमटासारखी डोम घरं, नंतर २००२च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोडीने आलेली फॅब लॅब, हे सगळं त्याच विचारातून. कलबाग सर २००३मध्ये गेले, पण आसपासच्या शाळांत अजूनही मुलं पत्रा कापताना भूमिती शिकतात. माझी मामेबहीण त्यांतलीच एक. आता बारावीला आहे. माझ्या डब्याकडे बघून तिचा पहिला प्रश्न आला, ‘दादा, हे सगळं आपोआप होतं, मग यात तू काय करतोस?’

तिला म्हटलं, थांब, दाखवतो. खरं तर तेव्हा उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

दुर्बीण बाहेर, आम्ही आत

रात्री शेतात जाऊन आकाश बघायची रोमँटिक कल्पना मामीने दारातच खोडून काढली. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली. अंधार पडला की लोक अंगणातसुद्धा एकटे जात नाहीत. त्यामुळे दुर्बीण गच्चीवर आणि आम्ही खालच्या खोलीत, गोधडी पांघरून. इथे मात्र मी त्या चिनी डब्याला मनापासून सलाम केला. वाय-फाय भिंत ओलांडून खाली येत होतं आणि दुर्बिणीला कुणी सोबत लागत नव्हती. शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. २०२४मध्ये जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोकांची झोप उडाली होती. अशा गावात गच्चीवर मिणमिणता लाल दिवा दिसला की काठ्या निघायला वेळ लागत नाही.

कुठे बघायचं? पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलं होतं. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण मामालाही ठाऊक आहे. त्यातला व्याधाच्या बाजूचा तारा म्हणजे अल्निटाक. त्याच्या अगदी खालीच, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, लाल हायड्रोजनच्या पडद्यासमोर धुळीचा एक काळा ढग आहे, हुबेहूब घोड्याच्या डोक्यासारखा. हॉर्सहेड नेब्युला.

हा घोडा मी मुद्दाम निवडला. कारण तो डोळ्यांना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मोठ्या दुर्बिणीतून, मिट्ट काळोखात, सरावलेल्या डोळ्याला कसाबसा भास होतो. तो सापडला तोच मुळी फोटोत. १८८८मध्ये हार्वर्ड वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटा तपासताना विल्यमिना फ्लेमिंग यांना तो पहिल्यांदा दिसला. या बाई स्कॉटलंडहून आलेल्या. नवऱ्याने सोडल्यावर वेधशाळेच्या संचालकांच्या घरी कामाला लागल्या आणि तिथून वेधशाळेत पोहोचल्या. पुढे यादी छापली गेली तेव्हा शोधाच्या पुढे नाव लागलं संचालकांचं. (आपण केलेलं प्रेझेंटेशन बॉसच्या नावाने जाताना पाहिलंय ना कधी?)

ॲपमध्ये नाव टाईप केलं. वर घुर्रर्र आवाज झाला. दुर्बीण आधी एक साधा फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांची नक्षी आपल्या यादीशी ताडून बघते आणि आपण नेमके कुठे बघतोय ते ओळखते. मग दोन-तीनदा सरकून लक्ष्य बरोबर मधोमध आणते. जुन्या लोकांनी नकाशे मांडीवर घेऊन, मान मोडून, लाल टॉर्चच्या उजेडात जे काम केलं, ते हिने मिनिटभरात उरकलं. पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था लोकांना आकाश दाखवतेय, आयुकाच्या कार्यशाळांत हौशी मंडळींनी काचा घासून स्वतःच्या हाताने आरसे बनवलेत. त्यांच्यापुढे आमची ही ‘रजनी’ जरा लाजिरवाणीच होती. मामेबहिणीने तर तोंडावर सांगितलं, ‘हे म्हणजे हॉटेलात जाऊन स्वयंपाक शिकल्यासारखं झालं.’

दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचले जाऊ लागले. दहाव्या मिनिटाला फोनवर धुरकट लाल पट्टा उमटला. अर्ध्या तासात त्यात काळा खड्डा दिसला. आणि मग डोकं, मान, सगळं! मामी पोळ्या टाकायच्या सोडून बघायला आली. ‘घोडंच की गं!’

आयाळ कुठून आली?

आता खरी गोष्ट सुरू होते. मशीन शेवटी एक तयार जेपीजी देतं. नव्वद टक्के लोक तेच व्हॉट्सॲपवर टाकून झोपतात. मीही तसाच होतो. त्या रात्री तर मी पुढची पायरी गाठली. ते चित्र फोनमधल्या एका ‘एआय एन्हान्स’ छापाच्या ॲपमध्ये घातलं. दहा सेकंदांत घोडा असा काही उजळला की विचारू नका! धारदार जबडा, नाकपुडी, आणि मानेवर भुरभुरणारी आयाळ. एकदम सही. ग्रुपवर टाकला. पंचवीस लाइक.

सकाळी चहा पिताना मामेबहिणीने दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी धरली. ‘दादा, हे केस कुठून आले?’

‘एआयने शोधून काढले.’

‘शोधले की चिकटवले?’

मी गप्प. कारण २०२३मध्ये हाच प्रश्न चंद्राबद्दल विचारला गेला होता. कुणीतरी चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि एका बड्या कंपनीच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरं फोनने आपल्या पदरची घातली! आमच्या चित्रात तो घोडा उणापुरा दोनशे पिक्सेल उंच. दोनशे पिक्सेलमध्ये आयाळीचा केस न् केस बसणार कसा?

मग कच्चा माल उघडायचं ठरलं. सीस्टारमध्ये एक सेटिंग असतं, प्रत्येक सुटी फ्रेम जपून ठेवण्याचं. ते आठवणीने चालू करावं लागतं. आम्ही केलं होतं, नशीब! साडेआठ ते दीडपर्यंतच्या रात्रीतून हललेल्या, वाऱ्याने बिघडलेल्या फ्रेम्स मशीनने स्वतःच टाकून दिल्या होत्या. उरल्या तेराशेच्या आसपास, प्रत्येकी चार एमबी. पाच जीबीच्या वर फाइली. लॅपटॉपवर सिरिल नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. फुकट आहे आणि उत्तम आहे.

एक सुटी फ्रेम उघडली. काळी कुळकुळीत, चार-दोन तारे. ताणून उजळ केली तर नुसती रवाळ खिचडी. घोड्याचा पत्ता नाही. मामेबहिणीला पटेना की असल्या तेराशे कचऱ्यांतून घोडा निघतो.

निघतो, कारण कचरा दर वेळी वेगळा असतो आणि घोडा दर वेळी तोच. एका फ्रेमच्या एखाद्या पिक्सेलमध्ये चुकून जास्त आकडा येतो, पुढच्या फ्रेममध्ये कमी. सगळ्या फ्रेम्स ताऱ्यांवर ताऱे बसतील अशा जुळवून सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि खरा प्रकाश शिल्लक राहतो. यातलं गणित जरा निर्दय आहे. चार फ्रेम्स घेतल्या तर दर्जा दुप्पट, शंभर घेतल्या तर दहापट. एका तासाच्या फोटोपेक्षा दुप्पट चांगला फोटो हवा असेल तर दोन नव्हे, चार तास बसावं लागतं. पगारवाढीसारखंच!

आणि मधूनच गेलेलं लोहगावचं विमान? उपग्रहांच्या रेघा? त्याचीही सोय आहे. प्रत्येक पिक्सेलसाठी तेराशे आकडे समोर असतात. त्यातला एखादाच इतरांपासून भलताच लांब असेल तर सॉफ्टवेअर तो वगळतं. अप्रेझलमध्ये दहा जणांनी चार दिले आणि एकाने शून्य, तर त्या एकाचं काहीतरी बिनसलंय हे एचआरलाही कळतं. (कळायला हवं, एवढंच म्हणतो.)

एक भानगड मात्र आकाशाची आहे. ही दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवी अशीच फिरते. आकाश फिरतं ध्रुवाभोवती. त्यामुळे रात्रभरात चित्र हळूहळू गोल वळतं आणि रचलेल्या फोटोचे कोपरे फाटक्या पतंगासारखे निघतात. ते कापून टाकायचे. २०२५मध्ये आलेल्या अपडेटनंतर दुर्बीण तिरकी करून ध्रुवाच्या दिशेने लावता येते, पण पाबळहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर. म्हणजे दुर्बीण जवळजवळ आडवी झोपवायची. गच्चीच्या उतरत्या फरशीवर तो प्रयोग करायची माझी हिंमत झाली नाही.

पाऊण तास लॅपटॉपचा पंखा केकाटत होता. निघालेली फाइल पुन्हा काळीच! इथे पुष्कळ लोक हताश होऊन लॅपटॉप बंद करतात. घाबरू नका. सगळा माल आकड्यांच्या तळाशी बसलेला असतो, आणि तारे वर. तळाचा भाग हलक्या हाताने वर खेचायचा, तारे फुटू न देता. यालाच स्ट्रेचिंग म्हणतात. कणीक मळल्यावर ती ओढून बघतात ना, तसं. एकदम ओढली तर तुटते. थोडं-थोडं, चार-पाच वेळा. घोडा वर आला. मऊ कडांचा, जरा बुटका, आयाळ नसलेला.

‘पण दादा, हाच खरा कशावरून?’

हा प्रश्न मी टाळत होतो. सॉफ्टवेअरमध्ये नॉइज काढायची एआयवाली बटणं इथेही आहेतच, आणि त्यांचा मोह फार. तोडगा तिनेच काढला. ‘आमच्या शाळेत एकदा आलेलं रीडिंग लिहून घेत नाहीत. दोनदा करायला लावतात. फाइली दोन वाट्यांत टाक. एक आड एक.’

एक आड एक हे महत्त्वाचं. रात्रीचा पहिला भाग एका वाटणीत आणि शेवटचा दुसरीत गेला असता तर तुलनाच फसली असती, कारण उत्तररात्री मृग खाली उतरतं. सम क्रमांकाच्या फ्रेम्सचा एक घोडा बनवला, विषम क्रमांकांचा दुसरा. दोन्हींवर अगदी तीच प्रक्रिया. अर्धाच माल असल्यामुळे दोन्ही चित्रं थोडी जास्त रवाळ झाली, साधारण १.४ पट. पण जे दोन्हींत दिसतं ते आकाशातलं, आणि जे एकातच दिसतं ते आपलं.

जबड्याची रेघ दोन्हींत होती. कपाळावरचा फुगवटा दोन्हींत. शेजारच्या फ्लेम नेब्युलातल्या काळ्या फांद्यांपैकी मोठ्या तीन दोन्हींत. मला फार आवडलेला एक नाजूक झुपका, जो मी स्ट्रेच करताना ‘डिटेल’ म्हणून मुद्दाम खुलवला होता, तो फक्त सम घोड्याला होता. विषम घोड्याला नव्हता. आणि आयाळ तर दोघांनाही नव्हती.

ग्रुपवरचा फोटो डिलीट केला. पंचवीस लाइक गेले. बरं वाटलं असं नाही म्हणणार, जाम खटकलं. पण तोपर्यंत माझ्या हातात असं काहीतरी होतं ज्याचा एकेक पिक्सेल कुठून आला ते मी सांगू शकत होतो.

रंगाचंही थोडं सांगायला हवं. ‘खरंच तिथे लाल आहे का?’ असं मामाने विचारलंच. लाल आहे. तो हायड्रोजनचा ठरलेला रंग आहे, ६५६ नॅनोमीटर. पण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. आपण यानात बसून तिथे गेलो तरी असा भडक लाल पडदा दिसणार नाही. त्यामुळे सॅच्युरेशनची पट्टी किती सरकवायची हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे आणि तो सॉफ्टवेअर सोडवत नाही.

फेकून द्यायची फाइल

शनिवारी दुपारी ग्रॅक्सपर्ट नावाचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर उघडलं. आमच्या चित्राची एक बाजू उजळ होती, जणू कुणीतरी कडेला ट्यूबलाइट धरली असावी. आकाशातली अशी उजेडाची उतरण हे सॉफ्टवेअर ओळखतं, वजा करतं आणि पाहिजे तर वजा केलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवून देतं. ही फाइल सहसा कुणी उघडत नाही. चुकून माझ्याकडून उघडली गेली.

ना तारे, ना घोडा. नुसती एक धूसर, गढूळ उतरण, पश्चिमेच्या कडेला दाट होत गेलेली. मामा मागून बघत होता. म्हणाला, ‘हे चाकण हाय.’

बरोबर होतं. साडेदहाच्या सुमाराला मृग दक्षिणेला उंच होतं. दीड वाजेपर्यंत ते पश्चिमेकडे कललं, थेट चाकणच्या बाजूला. सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर कारखाने, गोदामं, पार्किंगचे दिवे. त्याच्या डावीकडे अख्खं पुणं. आग्नेयेला रांजणगाव एमआयडीसी. पाबळच्या दक्षिणेकडचं निम्मं आकाश या तिघांनी वाटून घेतलंय. आमच्या दुर्बिणीत खास फिल्टर आहे, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रंगांभोवतीचा प्रकाश तेवढा आत सोडणारा. रस्त्यांवर जुने पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा असे फिल्टर जोरात चालायचे, कारण सोडियमचा रंग ठरलेला. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, त्यामुळे थोडा उजेड फिल्टरच्या फटीतूनही शिरतोच.

उजेड वजा केला म्हणजे काम फत्ते, असा आधी माझा समज होता. तसं नाही. उतरण वजा होते, पण त्या उजेडासोबत आलेला रवाळपणा फोटोतच राहतो. म्हणून खराडीतल्या माझ्या बाल्कनीतून हाच घोडा काढायचा तर कितीतरी रात्री लागतील. मी एकदा प्रयत्न केला होता. दोन तासांनंतर जे आलं ते घोडा होतं की डाग, हे सांगायला ज्योतिषी लागला असता.

गंमत बघा. पाबळच्या उत्तरेला, सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, रेडिओ लहरींनी विश्व ऐकणाऱ्या. त्यांना त्रास होऊ नये म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा आधीचा मार्ग बदलायचं ठरलं. वायव्येला गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६पासून उभी आहे. आपल्याच राज्यात पेंचच्या जंगलाला जानेवारी २०२४मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, देशातलं पहिलं. म्हणजे काळोख जपता येतो, आपल्याला ठाऊकही आहे. हे सगळं मी मामाला मोठ्या जोशात सांगत होतो. गावागावात दिवे कमी करायला हवेत वगैरे.

मामा शांतपणे म्हणाला, ‘मला तर गोठ्यापाशी अजून दोन पाहिजेत.’

कांद्याला पाणी द्यायचं तर वीज येईल तेव्हा जावं लागतं, कधी रात्री बारालाही. हातात बॅटरी, कान उसाकडे. ‘ढगाळ असलं की चाकणचा उजेड खाली पडतो, बांध दिसतो. तुझ्या घोड्याला त्रास व्हतो, मला बरं पडतं.’

यावर काय बोलणार? मी तिथे दोन दिवस राहणार होतो आणि सोमवारी पुन्हा बाराव्या मजल्यावरच्या झगझगीत ऑफिसात बसणार होतो. त्या फाइलमधल्या गढूळ पट्ट्यात माझ्याच इमारतीचा थोडासा वाटा होता.

डब्याचं झाकण

मामेबहीण मात्र गोठ्याच्या दिव्याकडे बघत होती. खांबावर आडवा लावलेला उघडा एलईडी. त्याचा उजेड गोठ्यात किती आणि आकाशात किती? संध्याकाळी दिवा लावून आम्ही गच्चीवरून पाहिलं. दिवा थेट डोळ्यांत येत होता. गोठ्याच्या मागचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तिने तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घेतला, पत्राकात्रीने उभा चिरला आणि वाकवून टोपीसारखा आकार दिला. कडा आत दुमडल्या, हात कापू नये म्हणून. दोन भोकं, एक तार. वीस मिनिटांचं काम. शाळेत हेच करायला लावतात म्हणाली. आतली बाजू चकचकीत होती, त्यामुळे वर जाणारा उजेडही उलट खालीच आला. मी नुसता शिडी धरून उभा होतो. अडीच किलोच्या स्मार्ट यंत्राचा मालक!

शनिवारी रात्री पुन्हा तोच घोडा, तीच वेळ. रविवारी सकाळी फ्रेम्स पाहिल्या. आदल्या रात्री चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक विचित्र झाक होती, ती मी दव समजून सोडून दिली होती. ती गेली होती. पश्चिमेचा पट्टा अर्थातच जसाच्या तसा. चाकणला टोपी घालायला पुरेल एवढा पत्रा आमच्याकडे नव्हता.

दोन्ही रात्रींच्या मिळून अडीच हजारांवर फ्रेम्स झाल्या. ताऱ्यांचे रंग गाया उपग्रहाच्या यादीशी जुळवले, तेही फिल्टरमुळे अंदाजेच बसतात. एआयचं नॉइजचं बटण वापरलं का? वापरलं. पण अगदी कमी ताकदीवर, आणि त्यानंतर पुन्हा सम-विषम करून बघितलं. फ्लेममधली चौथी फांदी या वेळी दोन्हींत होती. तिला मान्यता मिळाली. झुपका याही वेळी नापास.

अंतिम चित्र मामेबहिणीने फोनच्या वॉलपेपरला लावलं. मी तिला गढूळ पट्ट्याची फाइलही मागायला लावली नाही, तिनेच मागितली. तिच्या कॉम्प्युटरवर ती आता ‘चाकण’ या नावाने आहे, शेजारी तारीख.

मंगळवारी मीटिंगमध्ये असताना मामाचा फोन आला. मागच्या दारच्या दिव्यालाही टोपी बसवली म्हणे. मी खूश होऊन आकाशाबद्दल काहीतरी बोलायला लागलो, तर त्याने मधेच तोडलं.

‘आकाशाचं नाय रं. उजेड डोळ्यावर येत नाय आता. गोठ्याच्या पलीकडं उसापर्यंत नीट दिसतंय.’